मोटारीतला अभंग

गेल्या वैशाखात आमच्या थोरल्या काकांनी एक हट्ट धरला. त्यांच्या १९८६ सालच्या पद्मिनीत (घरात तिला सगळे अजून फियाटच म्हणतात) चांगला स्टिरिओ बसवायचा आणि पंढरपूरला जाताना वाटेत अभंग ऐकायचे. काका सत्त्याहत्तर वर्षांचे. समोर बसून बोललेले त्यांना बहुतेक ऐकू येते. पण पंखा, मिक्सर, चार माणसांची गलबल सुरू झाली की शब्द हरवतात. आणि जुनी फियाट म्हणजे चार चाकांवरची गलबलच! पुतण्याने स्टिरिओ आणला, बसवला, आवाज पुरता वाढवला. काकांच्या कानी पडली ती दाराच्या पत्र्याची थरथर. अभंगाचे शब्द तिच्यातच बुडाले. "गाडी नव्हे, कान बदलायला हवेत," असे कोणीसे कुजबुजले. तेवढे मात्र त्यांना नेमके ऐकू आले.

मोटार आणि गाणे यांचे हे भांडण चांगले शंभरीला आले आहे. १९३० साली शिकागोच्या पॉल गॅल्विन आणि जोसेफ गॅल्विन या भावांनी मोटारीत बसणारा रेडिओ तयार केला. मंदीचे दिवस होते, धंदा बुडायच्या बेतात होता. जूनमध्ये ॲटलांटिक सिटीला रेडिओवाल्यांचे संमेलन भरले, तिथे मांडणीसाठी जागा घेण्याइतके पैसे पॉलजवळ नव्हते. त्याने आपली स्टुडबेकर बाहेरच उभी केली आणि रेडिओ मोठ्याने लावला. येणारेजाणारे थबकले, मागण्या आल्या. 'मोटोरोला' हे नाव त्याच वर्षीचे. मोटारीतला 'मोटर' आणि तेव्हाच्या वाजत्या यंत्रांच्या नावांमागे हमखास येणारा 'ओला'. रेडिओची किंमत मात्र ११० ते १३० डॉलर, आणि अख्खी साधी फोर्ड मोटार मिळे पाचशे डॉलरच्या आसपास! बसवायचा म्हणजे छताचे अस्तर उसवून आत एरियलची तार पसरायची आणि वेगळ्या बॅटऱ्यांसाठी गाडीची जमीन कापायची.

त्या वेळचा पहिला वैरी पत्रा नव्हता, ठिणगी होती. इंजिनातल्या स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी म्हणजे एक चिमुकले रेडिओ केंद्रच. तिच्या लहरी एरियलमध्ये शिरत आणि गाण्याऐवजी कडकडाट ऐकू येई. प्लगच्या तारांत रोधक घालून आणि डायनामोला कंडेन्सर जोडून तो शमवावा लागला.

एक गोंगाट गेला तो दुसरा उघडा पडला. पूर्वी मोटारीचा सांगाडा लाकडी असे आणि छताचा मधला भाग कापडी. १९३५ च्या सुमारास जनरल मोटर्सने एका अखंड पोलादी पत्र्याचे छत आणले. गाडी मजबूत झाली, पण पत्र्याचा डबा वाजावा तशी घुमू लागली. कारखानदारांनी नमदा लावला, डांबरी पुठ्ठे चिकटवले. यातले शास्त्र मागाहून आले. १९५२ साली जर्मनीत हेरमान ओबेर्स्ट यांनी पातळ पत्र्याला घट्ट चिकटलेला थर त्याचे कंपन कसे गिळतो ते मोजून दाखवले, आणि १९५९ साली अमेरिकेत एडवर्ड केर्विन यांनी तोच चिकट थर दोन पत्र्यांच्या मध्ये दाबून धरला तर काय होते याचे गणित मांडले.

गणित मला झेपत नाही, पण स्वयंपाकघरात ते कळते. पितळी थाळीवर चमचा मारा, थाळी घणघणते. बोट टेकवा, गप्प होते. बोटाने थाळीचे वजन वाढवले नाही, तिची थरथर पिऊन टाकली. आज मिळणारे काळे, रबरासारखे, वर ॲल्युमिनियमचा पत्रा असलेले तुकडे हेच करतात. पत्रा वाकू लागला की चिकट थर ताणला जातो आणि थरथरीची उष्णता होऊन जाते. म्हणून सगळी गाडी मढवायची गरज नसते. प्रत्येक पत्र्याच्या मध्यावर पाव-तिसरा हिस्सा पुरतो. बाहेरचा आवाज अडवणे ही गोष्ट निराळी. तिथे वजनच लागते, आणि वजन दुप्पट केले तरी फायदा जेमतेम सहा डेसिबलचा.

शांततेचाही मग व्यापार झाला. १९५६ मध्ये क्रायस्लरने मोटारीत चक्क तबकडी वाजवायचे यंत्र बसवले. ते फार दिवस टिकले नाही. १९५८ साली रोल्स-रॉइसच्या जाहिरातीत सांगितले होते की ताशी साठ मैलांवर गाडीतला सर्वांत मोठा आवाज घड्याळाचा असतो. १९६५ साली फोर्डने आपली गाडी त्याहून शांत असल्याचा डांगोरा पिटला. घड्याळाचे काय झाले ते त्यांनी सांगितले नाही.

आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाटला इतके लाड माहीत नव्हते. रेडिओ बहुधा मागाहून बसवायचा, आणि एके काळी त्याचे वेगळे लायसेन्स काढायचे. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठाली भगदाडे. स्पीकरच्या मागून निघणारा आवाज त्यांतून पुढे येतो, पुढच्या आवाजाला छेदतो, आणि मृदंगाचा गाभा नाहीसा होतो. मुंबईच्या टॅक्सी म्हणून या गाड्या ऑक्टोबर २०२३ मध्ये संपल्या. घरोघरी उरल्यात त्या अशा काकांच्या जिवावर.

आमचा पहिला उपाय फसला. गावातल्या एका कारागिराने स्वस्त पडते म्हणून गच्चीवर घालायचे डांबरी पत्रे दारात चिकटवले. ज्येष्ठाच्या उन्हात डांबर पाघळले, गाडीला नव्या रस्त्याचा वास येऊ लागला. शिवाय त्या गृहस्थाने दाराच्या तळाची भोकेही बुजवली होती. काचेवरून दारात उतरणारे पाणी बाहेर पडायची तीच एक वाट. श्रावणात दार उघडले की आत पाणी डचमळे. काका काही बोलले नाहीत. स्टिरिओ लावायचेच त्यांनी सोडून दिले. ते मला रागावण्यापेक्षा वाईट वाटले.

भाद्रपदात पुतण्याने आणि मी तीन दिवस घालवले. डांबर खरवडले, गंज घासला, भोके मोकळी केली. मध्यावर तुकडे दाबून लावले, भगदाडे बुजवली, पायाखाली कोरडा नमदा घातला. मग काकांना पुढे बसवून हमरस्त्यावर नेले. पहिला अभंग त्यांनी डोळे मिटून, शब्द पुटपुटत ऐकला. दुसऱ्याच्या मध्यावर हात पुढे करून स्टिरिओ बंद केला. आमच्या पोटात गोळा आला.

"पुढचं उजवं चाक घरघरतंय," काका म्हणाले.

खरेच होते. बेअरिंग झिजले होते; किती दिवसांपासून कोण जाणे. ते बदलून झाले आहे. आता कार्तिकीला निघायचे ठरले आहे, आणि अभंगांची यादी काकूंनी केली आहे.