मोडीत गेलेले नळ

अमेरिकेतल्या साउथ फोर्क धरणफुटीची हकीगत बहुधा ३१ मे १८८९च्या पावसापासून सांगतात. मला ती धरणाच्या मालकांपासून सांगावीशी वाटते. पेनसिल्व्हेनिया राज्याने कालव्यासाठी बांधलेले हे मातीचे धरण १८५३मध्ये पुरे झाले. तळाशी बिडाचे पाच नळ होते. त्यांतून तलाव उतरवता येई. पुढे रेल्वे आली, कालवा निकामी ठरला, धरण रेल्वे कंपनीकडे गेले आणि १८७५मध्ये जॉन रायली या गृहस्थांकडे. त्यांनी नळ काढून मोडीत विकले. माझ्या मते धरणाचे भवितव्य तिथेच ठरले.

१८७९नंतर पिट्सबर्गच्या धनिकांच्या क्लबने मासेमारी आणि नौकाविहारासाठी धरणाची डागडुजी केली. नळ मात्र बसवले नाहीत. उलट बग्ग्यांसाठी माथा खाली घेतला, मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. खालच्या जॉन्सटाउनमधल्या कॅम्ब्रिया लोखंड कारखान्याचे डॅनियल मॉरेल यांनी तपासणी करवली, दुरुस्तीच्या खर्चात वाटा देऊ केला. क्लबने नकार दिला. (पैसा कमी होता म्हणून नव्हे, कार्नेगी आणि फ्रिक सभासद होते!)

त्या दिवशी जाळ्या ओंडक्यांनी तुंबल्या, पाणी माथ्यावरून गेले. उतरवायला वाटच नव्हती. २,२०९ माणसे गेली. धरण क्लबच्या नावावर, सभासदांच्या नव्हे. आणि क्लबकडे त्या तलावाखेरीज फारसे काही नव्हते. न्यायालयांत कोणाला भरपाई मिळाली नाही. कार्नेगींनी जॉन्सटाउनला ग्रंथालय बांधून दिले. आज त्याच इमारतीत पुराचे संग्रहालय आहे.