वृत्तमाध्यमांचा पक्षपात : लगाम कोणाच्या हाती द्यायचा?

दर वर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंचा जनसमुदाय येतो आणि अनेक वर्तमानपत्रांत ठळक बातमी असते ती दादरच्या वाहतुकीतील बदलांची. आपल्या कार्यकर्त्यांना हा अनुभव नवा नाही. त्यातून संताप येतो, आणि संतापातून मागणी येते की या मीडियावर सरकारने लगाम घालावा. ही मागणी करण्याआधी आज कोणता कायदा आहे, कोणाकडे किती अधिकार आहेत आणि तो लगाम उद्या कोणाच्या तोंडात बसेल, हे आपल्याला माहीत असले पाहिजे.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. या पाक्षिकाची जाहिरात पैसे घेऊन छापावी, अशी विनंती 'केसरी'ला केली होती. ती नाकारली गेली. यात कोणताही कायदा मोडला नव्हता. काय छापायचे नाही, हे ठरवणे गुन्हा नसतो. नियंत्रणाच्या सगळ्या चर्चेतील खरी अडचण हीच आहे. कायदा छापलेल्या मजकुराला शिक्षा देऊ शकतो, न छापलेल्याला नाही. आणि आपल्यावरचा बहुतांश अन्याय न छापण्यातूनच झाला आहे.

खैरलांजीचे उदाहरण घ्या. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील त्या गावात भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सुरुवातीच्या बातम्या त्रोटक होत्या आणि त्यांत अनैतिक संबंधांचा रंग होता. जात गायब होती. नोव्हेंबरमध्ये आंबेडकरी जनता रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे मोठ्या माध्यमांचे लक्ष तिकडे गेले. तोवर महिना उलटला होता. त्यातही काही ठिकाणी चर्चा हत्याकांडापेक्षा आंदोलनामागे नक्षलवादी आहेत का, याचीच अधिक झाली.

हे का होते, याचे उत्तर संपादकीय खोलीत कोण बसते यात बऱ्याच अंशी सापडते. २००६ मध्ये अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतील ३७ माध्यमसंस्थांतील ३१५ वरिष्ठ पत्रकारांची पाहणी केली. त्यात एकही दलित किंवा आदिवासी नव्हता. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांच्या अहवालात नेतृत्वाची १२१ पदे तपासली गेली. त्यांपैकी १०६ पदांवर सवर्ण होते. अनुसूचित जाती-जमातींचे कोणीही नव्हते. तेरा वर्षांत आकडा शून्यावरून शून्यावर आला!

आता कायद्याकडे वळू. भारतीय संविधानात वृत्तपत्रस्वातंत्र्याचे वेगळे कलम नाही. ते कलम १९(१)(क) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्यातच येते. वृत्तपत्राचा संपादक हाही एक नागरिकच आहे, त्याला वेगळ्या हक्काची गरज नाही, अशी भूमिका बाबासाहेबांनी संविधान सभेत मांडली होती. म्हणजे संपादकाचा हक्क तुमच्या-आमच्याहून मोठा नाही, पण लहानही नाही. त्यावर बंधने घालायची तर कलम १९(२) मधील कारणांवरच घालता येतात. पुण्याच्या 'सकाळ'ने लढवलेल्या खटल्यात १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. पानांच्या संख्येवर वर्तमानपत्राची किंमत ठरवणारा केंद्राचा कायदा तेव्हा रद्द झाला. छोट्या पत्रांना वाचवण्याचा सरकारचा युक्तिवाद टिकला नाही.

नियमन करणारी संस्था म्हणजे भारतीय प्रेस कौन्सिल. ती १९६६ मध्ये स्थापन झाली, आणीबाणीत तिची सर्वाधिक गरज असताना गुंडाळली गेली, आणि १९७८ च्या कायद्याने पुन्हा उभी राहिली. अध्यक्ष आणि २८ सदस्य. त्यांतले २० वृत्तपत्रसृष्टीतलेच. कौन्सिल ताशेरे ओढू शकते, समज देऊ शकते. दंड करू शकत नाही. वाहिन्या तर तिच्या कक्षेतच नाहीत. वाहिन्यांनी स्वतःच नेमलेल्या प्राधिकरणाचा दंड एक लाख रुपयांपर्यंतचा. एका रात्रीच्या चर्चेत त्याहून कितीतरी अधिक कमाई होते, हे सांगायला हिशेबनीस लागत नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा दंड अपुरा असल्याचे म्हटले.

मग सरकारच्या हाती अधिकार द्यावेत का? आमचे उत्तर 'नाही' असे आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये आपल्याच कारभाराविषयीच्या बातम्यांचे खरे-खोटे ठरवणारा तथ्यतपासणी कक्ष नियमांत आणला. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती तरतूद रद्द केली. ती टिकली असती तर मोठ्या वाहिनीकडे वकिलांची फौज होतीच. अडचण झाली असती ती गावातील अत्याचाराचा व्हिडिओ टाकणाऱ्या आपल्या पोराची. आपली माध्यमे लहान आहेत, आणि सेन्सॉरची कात्री लहान कापडावर आधी चालते. त्यापेक्षा सरकारपासून स्वतंत्र आणि वाहिन्यांनाही लागू असलेले कौन्सिल, उत्तर छापून घेण्याचा कायदेशीर हक्क आणि संपादकीय विभागातील सामाजिक प्रतिनिधित्व दर वर्षी जाहीर करण्याची सक्ती या मागण्या आपण लावून धरायला हव्यात. शेवटची मागणी न छापण्याच्या रोगापर्यंत थोडी तरी पोहोचते.

द्वेष पसरवणाऱ्या मजकुराची गोष्ट वेगळी. त्यासाठी नवा कायदा नको. अनुसूचित जाती-जमातींविरुद्ध वैरभाव पसरवणे आणि या समाजांना पूज्य असलेल्या दिवंगत व्यक्तीचा लेखनातून वा बोलण्यातून अनादर करणे, हे अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१६ पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार गुन्हे आहेत. आरोपी या समाजांबाहेरचा असला पाहिजे.

प्रेस कौन्सिलकडे जायचे असेल तर आधी संपादकाला लेखी पत्र पाठवावे आणि त्याची प्रत व उत्तर जपून ठेवावे. दैनिक किंवा साप्ताहिकाबाबत मजकूर छापून आल्यापासून दोन महिन्यांत तक्रार करावी लागते. सोबत कात्रण, मराठी मजकुराचा इंग्रजी अनुवाद आणि प्रकरण न्यायालयात प्रलंबित नसल्याचे प्रतिज्ञापन जोडावे. वाहिनीकडे तक्रार प्रक्षेपणापासून सात दिवसांत करावी लागते, म्हणून कार्यक्रमाचे नाव, तारीख आणि वेळ त्याच दिवशी टिपून ठेवावी.