हलता दगड

आधी ते जाड तळांचे बूट काढा. सॅक, घड्याळ, पाण्याची बाटली, सगळं खाली गुंजवणे गावातच राहू द्या. मोबाइलला पुढे रेंज नसते हे तुम्हाला ठाऊक आहेच, आणि आज तर टॉवर उभा राहायला तीनशेहून जास्त वर्षं बाकी आहेत. डोक्याला मुंडासं गुंडाळा. ही घोंगडी खांद्यावर टाका. तिला धुराचा, बकरीचा आणि आजवर तिच्यात झोपून गेलेल्या प्रत्येकाचा वास येईल. दुपारपर्यंत त्यात तुमचाही मिसळेल. कमरेच्या आकडीत कोयता अडकवा, पातं मागे. झालं. चला.

साल विचारू नका. १६६० नंतरचं एखादं आहे, एवढं पुरे. इथे सालापेक्षा महिना महत्त्वाचा आणि महिना आहे फाल्गुन. शिमगा नुकताच सरलाय. गवत पापडासारखं वाळलंय, पाऊल टाकलं की मोडतंय. काटेसावर नुसती लाल फुलांनी उभी आहे, अंगावर पान नाही. आणि करवंदीच्या जाळ्यांतून असा गोड वास येतोय की क्षणभर वाटावं, कुणी गजरा माळून पुढे गेलंय.

डोंगर तुमच्या ओळखीचा आहे. राजगड. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फूट. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या आणि मधोमध डोकं वर काढलेला बालेकिल्ला. पण जरा नीट पाहा, काय काय नाही ते. वाटेच्या कडेला घाणेरी नाही. रानमोडी नाही. घायपात नाही. तुम्ही ज्याला जंगली झुडूप समजत आलात, त्यातलं बरंचसं अजून समुद्रापलीकडेच आहे. इथे कारवी, करवंद, हिरडा, जांभूळ, अंजनी. आणि ही झाडी इतकी दाट की पायवाट तिच्यातून अंग चोरून जाते. आत काहीतरी खसफसतं. भेकर असेल. वाघाचा विचार मनात आणू नका. तो असलाच तर त्याने तुम्हाला केव्हाच पाहिलंय.

आजवर तुम्ही इथे पाहुणे म्हणून आलात. आज नोकर आहात. तुमची नेमणूक मेटावर आहे. मेट म्हणजे गडाच्या चढावर मध्येच वसलेली, राखणदारांची चार झोपड्यांची वस्ती. कारवीचे कूड, शेणाचं लिंपण, वर गवताचं शाकारण. दारात एक म्हातारा कोयत्याला धार लावत बसलाय. त्यांना नाईक म्हणायचं. ते तुम्हाला ‘पोरा’ म्हणतील, तुमचं वय पन्नास असलं तरी.

काम काय? वाट राखायची, झाडी राखायची, तट साफ ठेवायचा. पुढे, १७१५ च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्य गडाची ही कामं आज्ञापत्रात सविस्तर लिहून ठेवणार आहेत. तुम्ही ते वाचून आला असाल तर कृपा करून गप्प राहा. नाईकांना वाचता येत नाही आणि त्यांना सगळं तोंडपाठ आहे.

पहिली चूक तुम्ही अर्ध्या घटकेतच करता. वाटेच्या एका वळणावर तिसरी पायरी डुगडुगते. तुम्ही भल्या मनाने वाकता, खाली दोन चपटे दगड सारता, वरून पाय आपटून बघता. पक्की. घाम पुसत अभिमानाने मागे पाहता तर नाईक कपाळाला हात लावून उभे.

“हे काय केलंस?”

“पायरी हलत होती. बसवली.”

“हलायलाच ठिवली व्हती ती. काढ ते धोंडं.”

तुम्ही निमूटपणे दगड काढता. एक नख अर्धं उचकटतं. पायरी पुन्हा डुगडुगू लागते आणि नाईकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. तुमच्या काळात डोंगरातली वाट राखणारा माणूस दगड बसवतो, पाण्याला चर काढून देतो, रेलिंग ठोकतो. येणाऱ्याचा पाय घसरू नये, एवढीच त्याची काळजी. इथे हिशेब उफराटा आहे. गडाची वाट सोपी झाली की गड कच्चा झाला. म्हणून ती आपल्या माणसाला चालेल एवढीच ठेवायची, परक्याला मात्र प्रत्येक पावलाला तिने विचारलं पाहिजे, तू कोण? फार रुळलेली वाट मोडायची, तिच्यात झाडी माजू द्यायची आणि दुसऱ्या अंगाने अवघड वाट काढायची. पाली दरवाज्याची वाट त्यातल्या त्यात प्रशस्त, मानाची. आपली ही गुंजवण्याची बाजू चढणाऱ्याचा जीव काढते. आणि हे काम सोपं आहे असं समजू नका. वाट बरी करणं कुणालाही जमतं. ती नेमकी तेवढीच वाईट ठेवायला डोकं लागतं.

ऊन चढतं. वाटेवरच्या घसाऱ्याने तळपाय भाजतात. दरवाज्यातून आत शिरताच अंगावर एकदम गार सावली येते, दगडाचा ओलसर वास येतो आणि पाठोपाठ माणसांचा कालवा. वर एवढी वर्दळ असेल असं तुम्हाला वाटलं नव्हतं. कुणी पाण्याची कावड घेऊन जातंय, कुणी चुना मळतंय, घोडं खिंकाळतंय, एक पोर कोंबडीच्या मागे धावतंय. परसापरसांत दुधीचे आणि वालाचे वेल. त्यांच्या बुडाशी राख. गडावरचा केरकचरा कड्यावरून खाली लोटायचा नाही, जागच्या जागी जाळायचा आणि राख भाजीच्या वाफ्यात घालायची, अशी इथली शिस्त. पद्मावती तळ्याच्या काठावर तुम्ही मागच्या पावसाळ्यात पाहिलेली वेफर्सची पाकिटं आठवून मान खाली जाते ना? जाऊ द्या.

आता कमरेला अंबाडीचा दोर बांधा. हो, तुमच्याच. तटाच्या बाहेरच्या अंगाला, दोन चिऱ्यांच्या सांध्यात, पिंपळाचं रोपटं उगवलंय. पाखराने टाकलेलं एक बी. वर हातभर, चार पानांचं, वाऱ्यावर सळसळणारं, दिसायला अगदी गोजिरं. वरून दोघं दोर धरतात आणि तुम्ही उलटे पाय टेकत खाली सरकता. पोटात गोळा येतो. खाली गुंजवण्याचं खोरं तव्यासारखं तापलेलं, एक घार तुमच्याही खालून घिरट्या घालतेय. तट तळहातांना भाजतो. पानं तोडून उपयोग नाही. पुढच्या वर्षी दुप्पट येतील. मूळ उकरायचं. पहारीच्या टोकाने खरवडत जाता तेव्हा कळतं की चार पानांच्या त्या पोराने चुन्यात आत कोपरभर मूळ घातलंय, करंगळीएवढं जाड, चिकाने ओलं. दहा पावसाळे दिले तर हा चिरा त्याने ढकलून दिला असता. वरून नाईक ओरडतात, “आधी हात जोड त्याला!” तुम्ही एका हाताने दोर धरून दुसरा हात छातीशी नेता. पिंपळ तो पिंपळच. मग कचकन मूळ तुटतं, चुन्याचा भुगा डोळ्यात जातो आणि तुम्ही खच्चून शिवी देता. ती खोऱ्यात दोनदा ऐकू येते.

दुपारी हिरड्याखाली भाकरी. नाचणीची, काळपट, कडांना जळलेली. तिच्यावर कुळथाचं पिठलं आणि बुक्कीने फोडलेला कांदा. चहा मागू नका, बटाटा तर मुळीच नको; कुणाला कळणार नाही. पाणी वाळक्या भोपळ्यातून प्यायचं, घशाला किंचित कडवट लागतं. आणि जपून. गडावर पाणी आहे, टाकी आहेत, तरी ते उगाच सांडलेलं इथे कुणाला खपत नाही. झुंजीत तोफांच्या दणक्याने झरे आटतात, अशी इथल्या माणसांची पक्की समजूत आहे. म्हणून चार टाकी जास्तीची हवीत आणि हातातला भोपळा सांडता कामा नये.

जेवून अंग टेकणार तोच झाडीतून कट्‌ असा आवाज येतो. नाईक ताडकन उठतात. गडाभोवतीच्या या झाडीला कलारग्याची झाडी म्हणतात आणि तिचा नियम एका वाक्याचा आहे: यातली काडीही तोडायची नाही. प्रसंग पडला तर याच झाडीत बंदुकवाले बसवायचे असतात. झाडी गेली की तट उघडा पडला.

कारवीच्या दाटीत एक बाई उभी आहे. डोक्यावर मोळी, ओच्यात विळा, घामाने भिजलेलं कपाळ. तिने पळण्याचा प्रयत्नही केलेला नाही.

“बये, खाली ठेव ती,” नाईक म्हणतात.

“नाईक, तुमच्या गडाला झाडी लागती, माझ्या चुलीला काय दगूड लावू?”

तुम्ही नाईकांकडे पाहता. त्यांच्याकडे उत्तर नाही. ते मोळी सोडवतात, कारवीची ओली कांडी बाजूला काढतात आणि जिथून तोडली तिथेच टाकून देतात. मग हाताने खाली, ओढ्यापलीकडे दाखवतात. तिकडे, गडाच्या घेऱ्याच्या बाहेर, मागच्या वादळात ऐन पडलाय, वाळलाय, तो ने. बाई काही बोलत नाही. रिकामी चुंबळ डोक्यावर तशीच ठेवून उतरू लागते. ओढा इथून खूप खाली आहे. ते लाकूड घेऊन तिला पुन्हा वळसा घालून घरी जावं लागणार, हे तिघांनाही कळतं. नाईक बराच वेळ कोयत्याच्या पात्यावर अंगठा फिरवत राहतात. तुम्हाला एवढा वेळ त्यांचा राग येत नव्हता, आता जरासा येतो. येऊ द्या. नियम बरोबर असला तरी तो कुणाच्या तरी डोक्यावरून उतरवलेला असतो, हे मला तरी त्या चुंबळीकडे पाहूनच कळलं.

आणि आता दिवसाचं खरं काम. आज गड न्हाणायचा आहे.

पाण्याने नव्हे, विस्तवाने. तटावरचं आणि तटाखालचं वाळलं गवत जाळायचं, म्हणजे त्यात माणूस लपणार नाही आणि भलत्या वेळी वणवा लागून गवत शाकारलेली घरं पेटणार नाहीत. या जाळण्याला गड न्हाणणं म्हणतात. मला विचाराल तर मराठीत याहून सुंदर शब्द फार थोडे आहेत. गंमत अशी की गवत जाळायचं, पण त्याच्याच खाली पसरलेल्या झाडीला झळ लागू द्यायची नाही. म्हणून कालपासून माणसांनी गवत आणि झाडी यांच्यामध्ये दोन पुरुष रुंदीचा पट्टा विळ्याने तासून, झाडून, लख्ख मातीचा केलाय. तुम्हाला त्या पट्ट्यावर उभं केलंय, हातात जांभळीची ओली डहाळी देऊन. ठिणगी पडली की झोडपायची. बस.

सगळे थांबलेत. दिवसभर वारा खालून वर चढत असतो; रात्री तो उलटा, वरून खाली घसरतो. मधे थोडा वेळ तो श्वास रोखतो. तो क्षण जवळ आला की वर, अगदी तटाच्या बुडाशी, विस्तव लावायचा, म्हणजे आग चढाच्या जोरावर धावणार नाही, पावलापावलाने खाली रांगत येईल. वारा फिरायच्या आत ती पट्ट्याशी येऊन मेली पाहिजे. नाईक चिमूटभर माती हवेत सोडतात. माती सरळ खाली पडते. वर चकमक झडते.

आधी नुसता वास. मग तडतड, लाह्या फुटाव्यात तशी. मग एकाएकी सगळ्या उतारभर केशरी किनार उमटते आणि तुमच्या भुवया आखडतात. गवतातून टोळ उडतात, एक घोरपड तुमच्या पायावरून निसटते, वर घारी आणि कोतवाल जमलेत, त्यांची मेजवानी आहे. धूर डोळ्यात जातो, नाकात जातो, तोंडात राखेची चव. तुम्ही झोडपता. डहाळी ओली आहे तोवर ठीक. मग तिचीही पानं करपतात आणि कुणीतरी दुसरी हातात कोंबतो. हात खांद्यापासून गळून पडतील असं वाटतं. कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही, नुसतं ‘हां, हां, तिकडं, हां!’

तेवढ्यात धुराचा लोट कड्याकडे वळतो आणि तिथलं आग्यामोहोळ उठतं. आवाज आधी येतो, गिरणीसारखा. पळू नका! पालथे पडा, घोंगडी अंगावर ओढा आणि निपचित राहा. आता कळलं ती खांद्यावर कशाला दिली होती? आत काळोख, बकरीचा वास आणि स्वतःच्याच छातीचे ठोके. कानाशी एक माशी चावते. एकच. बाकीच्या धुराने हैराण होऊन वर गेल्या असाव्यात.

घोंगडी बाजूला करता तेव्हा अंधारलंय. किनार पट्ट्याशी येऊन विझलीय. तटाखाली काळाभोर ओला वाटावा असा उतार, त्यात इथे तिथे लाल डोळे मिचकावणारे बुडखे. तोंडावर गार वारा येतो, वरून. फिरला. झाडी तुमच्यामागे जशीच्या तशी उभी आहे, पानंही सुकलेली नाहीत.

दरवाजा केव्हाच बंद झालाय, म्हणून झाडीतूनच मेटाकडे उतरायचं. मशाल नाही, नाईक म्हणतात, पायाला दिसतं. त्यांच्या पायाला दिसत असेल. तुम्ही कानामागची गांधी चोळत, अंदाजाने, एका वळणावर वळता. एक पायरी. दोन. तिसरी.

खडाक्‌.

दगड उताराला लागून घरंगळत जातो, झाडीत कितीतरी वेळ त्याचा आवाज येत राहतो. वरच्या काळोखातून, तटावरून, तत्काळ हाक येते.

“कोण हाय रं तिकडं?”

तुम्ही तोंड उघडता. काय सांगणार? नाव सांगून काय उपयोग? वर कुणीतरी बंदुकीची जामगी फुंकतंय; लाल ठिपका मोठा होतो, बारीक होतो, पुन्हा मोठा होतो.

“आपलंच हाय,” तुमच्या मागून नाईक ओरडतात. “नवीन हाय अजून.”

मग ते वाकतात, अंधारात चाचपडत दुसरा दगड शोधतात आणि त्या जागी ठेवतात. पायाने हलवून बघतात. डुगडुगतो.