मोबाईलवर आलं म्हणजे खरंच असेल का? विद्यार्थ्यांना माहिती पारखायला शिकवा

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून पसरली आणि जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. पण बटणावर मर्यादा आली तरी पारख आपोआप येत नाही. ती शिकवावी लागते.

केरळच्या कण्णूर जिल्ह्यात हे काम झालं. गोवर-रुबेला लसीबद्दलच्या अफवांचा अनुभव घेतल्यावर तत्कालीन जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी २०१८ मध्ये सुमारे १५० सरकारी शाळांत ‘सत्यमेव जयते’ हा उपक्रम सुरू केला. खोटी बातमी कशी ओळखायची, हे तिथे वर्गात शिकवलं गेलं. वाशीम, कारंजा, रिसोड, मालेगाव, मानोरा, मंगरुळपीरच्या मराठी आणि उर्दू शाळांनाही हे जमण्यासारखं आहे. एक तास आणि एक मोबाईल पुरे.

वर्गात काय घ्यावं?

१. पान सोडून बाहेर बघा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यार्थी आणि बातम्या तपासणारे पत्रकार यांना तीच संकेतस्थळं पारखायला दिली. अभ्यासक आणि विद्यार्थी बरेचदा त्याच पानावर वाचत बसले आणि देखण्या मांडणीला फसले. पत्रकारांनी लगेच दुसरी खिडकी उघडून ‘हे लिहिणारे कोण?’ ते शोधलं. मुलांना हीच सवय लावा.

२. तारीख बघा. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या मजकुरात वाशीम अकोला जिल्ह्यातच सापडेल. तो मजकूर खोटा नाही, जुना आहे. हा फरक मुलांना घरच्या उदाहरणावरून पटकन कळतो.

३. मूळ ठिकाण गाठा. केंद्राची अल्पसंख्याक प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती आधी पहिली ते दहावीसाठी होती. २०२२-२३ पासून ती नववी-दहावीपुरती ठेवली गेली. जुना मेसेज पाहून पाचवीतल्या मुलाची आई कागदपत्रं गोळा करत फिरली, तर मजुरी बुडते आणि हाती काही येत नाही. केंद्राच्या शिष्यवृत्तीची माहिती राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरच बघावी. सरकारी पत्त्याच्या शेवटी बहुधा ‘जीओव्ही डॉट इन’ असतं. ‘फ्री लॅपटॉप’च्या लिंकवर आधार किंवा ओटीपी देऊ नये. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करावा.

४. फोटो उलटा शोधा. गुगल लेन्समध्ये फोटो टाकला की तो आधी कुठे आला होता, हे अनेकदा सापडतं.

आपल्याला ही शिस्त नवी नाही. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत आलेल्या खबरीची शहानिशा करायला सांगितलं आहे, नाहीतर नकळत कुणाचं नुकसान होईल. हदीसच्या अभ्यासातही कोणी, कोणाकडून ऐकलं ही साखळी आधी तपासतात. मग फॅमिली ग्रुपवरच्या मेसेजला सूट का द्यायची?

शिक्षकांनी आठवड्यात एक मेसेज वर्गात आणावा. पालकांनी घरी एवढंच विचारावं, “बेटा, हे तुला कुठून कळलं?” आणि उत्तर मिळेपर्यंत पुढे पाठवू नये.