भाऊसाहेबांची पहिली निवडणूक

1930 साली वऱ्हाडात निवडणुकीला उभं राहणं म्हणजे अर्ध्या गावाचा राग ओढवून घेणं होतं. त्या वर्षी एप्रिलात अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याला खाऱ्या विहिरीचं पाणी उकळून मीठ केलं गेलं. आमच्यापासून समुद्र शेकडो मैल लांब, पण पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला त्याची चव विहिरीतच मिळते. जुलैत पुसदच्या जंगलात बापूजी अण्यांनी सरकारचं गवत कापलं आणि ते तुरुंगात गेले. कौन्सिलच्या निवडणुकांवर काँग्रेसचा बहिष्कार होता. अशा वर्षी पापळच्या शामराव देशमुखांचा मुलगा मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदे कौन्सिलसाठी पहिल्यांदा मतं मागायला निघाला.

डॉ. पंजाबराव देशमुख, म्हणजे आमच्याकडचे भाऊसाहेब. दिल्लीतले कृषिमंत्री म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहेत, अकोल्याच्या कृषी विद्यापीठालाही त्यांचंच नाव आहे. एकतीस वर्षांचा नवखा उमेदवार म्हणून मात्र त्यांची आठवण कमीच निघते. माझ्या कानावर ती आली आजाच्या तोंडून.

शामरावांनी शेत गहाण टाकून पोराला विलायतेला धाडलं होतं. पोरगा एडिंबरो, ऑक्सफर्ड करून, वेदवाङ्मयातल्या धर्मावर प्रबंध लिहून, बॅरिस्टर होऊन 1926 मध्ये परतला आणि अमरावतीत वकिली करू लागला. एवढं शिकलेला माणूस पुण्या-मुंबईकडे वळता, तरी कोणी नाव ठेवलं नसतं. इथं मात्र आल्या आल्या श्रद्धानंद छात्रालय निघालं, पुढच्या वर्षी अंबादेवीचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून चाललेल्या चळवळीत भाऊसाहेब दिसले, आणि त्याच वर्षी त्यांनी जातीबाहेरच्या विमलाबाईंशी लग्न केलं. 1928 मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या केल्या आणि शाळांसाठी कर वाढवला.

आता बघा, कर वाढवणारा माणूस दोन वर्षांनी त्याच लोकांच्या दारात मत मागायला येतो! आजा सांगे, पारावर एक म्हातारा म्हणाला होता, “काऊन गा, इलायतेतून शिकून आला अन् आमच्यावरच कर बसोला?” दुसऱ्यानं तिथल्या तिथं उत्तर दिलं, “तुह्या पोट्ट्यासाठीच बसोला ना बाप्पा. सावकाराच्या पोट्ट्याले शाळा हायेच.”

भांडण तेवढ्यावर थांबत नव्हतं. खादीवाली पोरं म्हणत, आपली माणसं तुरुंगात, अन् हे इंग्रजाच्या कौन्सिलात! मैदान मोकळं असल्यानं उमेदवाराची वाट सोपी झाली, असंही बोललं जाई, आणि ते सगळंच खोटं नव्हतं. पण दुसरी बाजूही होती. 1929 पासून जगभर मंदी आली होती आणि कापसाचा भाव पार बसला होता. जिनात गाडी रिकामी करून कास्तकार घरी यायचा तो व्याजापुरते पैसे घेऊन, कधी तेवढेही नाही. त्याला स्वराज्य येईतोवर थांब म्हणणं सोपं, थांबणं कठीण. मला विचाराल तर दहीहांड्याची चूल पेटवणारा बरोबर होता, आणि कौन्सिलात शिरणाराही.

मत कोणाला होतं, हेही सांगितलं पाहिजे. ठरावीक रकमेच्या वर सारा भरणाऱ्यालाच खेड्यात मत मिळे. आजाला होतं. आमच्या सालदाराला नव्हतं, बटईनं शेत करणाऱ्याला नव्हतं. बायांना कायद्यानं मज्जाव नव्हता, पण शेत नवऱ्याच्या नावावर, मग आजीला कुठलं मत? ज्यांच्या पोराबाळांसाठी विहिरी आणि शाळा उघडल्या, त्यातल्या बहुतेकांना उमेदवाराच्या नावापुढं खूण करताच येत नव्हती. खातेदारांच्याच मतांवर निवडून यायचं होतं.

ते निवडून आले, आणि पहिल्याच फेरीत मंत्रीही झाले. शिक्षण, शेती, बांधकाम अशी खाती मिळाली. ऐकायला हे फार मोठं वाटतं. पण 1919 च्या कायद्यानं खात्यांची वाटणी अशी केली होती की शाळा, शेतकी फार्म, सडका या गोष्टी मंत्र्याकडे. तिजोरी, पोलीस आणि शेतसारा गव्हर्नरच्या माणसांकडे. म्हणजे शेतीचा मंत्री कपाशीच्या बियाण्याबद्दल बोलू शकत होता, साऱ्याबद्दल नाही. त्यातून आमचं वऱ्हाड आणखी चमत्कारिक. कागदावर ते निजामाचंच होतं. 1902 च्या करारानं इंग्रजांनी ते वर्षाला पंचवीस लाखांच्या कायमच्या मक्त्यानं घेतलं होतं. त्यामुळे वऱ्हाडातून निवडून आलेल्या माणसाला कौन्सिलात बसवताना गव्हर्नरनं त्याची ‘नेमणूक’ केल्याचा कागद करावा लागे, आणि नागपूरला झालेला कायदा वऱ्हाडला वेगळा लागू करून घ्यावा लागे. आमचा आजा म्हणे, “आपन म्हंजे मक्त्याचं वावर. मालक येगळा, वाहनारा येगळा.”

एवढ्या आवळलेल्या जागेतही 1932 मध्ये त्यांनी हिंदू देवस्थानांच्या संपत्तीचं बिल मांडलं. देवळांत पडून असलेला पैसा शिक्षणाच्या कामी यावा, हा त्यातला हेतू. सनातन्यांनी काहूर उठवलं आणि बिल काही पार पडलं नाही. त्याच वर्षी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. सरकारच्या तिजोरीची किल्ली आपल्याकडे नाही, हे मंत्र्याच्या खुर्चीत बसून कळल्यावर लोकांच्या पैशानं शाळा काढायची वाट त्यांनी धरली असावी, असा माझा अंदाज. 1933 मध्ये मध्यप्रांतात कर्ज-समेटाचा कायदा झाला. कर्जदार आणि सावकार यांना समोरासमोर बसवून कर्जाची तोडजोड करून देणारी मंडळं त्यानं आणली. या कामात आमच्याकडचे लोक भाऊसाहेबांचा वाटा मोठा मानतात. त्याच वर्षी त्यांनी मंत्रिपद सोडलं.

पुढं घटना समितीत ते बसले. 1952 च्या निवडणुकीत त्याच भाऊसाहेबांनी काँग्रेसतर्फे अमरावतीकडून लोकसभा लढवली. बहिष्काराच्या वर्षी त्यांच्यावर चिडलेली खादीवाली पोरं एव्हाना चाळिशी-पन्नाशीची झाली होती, आणि आता बैलजोडीचा प्रचार करत गावोगाव हिंडत होती. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, तिच्यावर चिन्ह चिकटवलेलं. आजीनं घरून निघताना दहादा विचारून घेतलं, बैलं डाव्या अंगाला की उजव्या. शाळेपुढच्या रांगेत ती बायांमध्ये उभी होती, नवं लुगडं नेसून. पुरुषांच्या रांगेत आमचा सालदार आजाच्या पुढं होता. आजा म्हणाला, “सरक जरा.” तो हसला, आणि सरकला नाही.