ट्राम सुटली नाही

२५ फेब्रुवारी १९४१, मंगळवार. आम्स्टरडॅममध्ये अजून उजाडलेलं नाही. जर्मनांचा अंमल बसून नऊ महिने झालेत. तुम्ही महापालिकेच्या ट्रामवर कंडक्टर आहात. डेपोच्या दाराशी घोळका जमलाय. कुणीतरी तुमच्या हातात पत्रक सरकवतं. एकच शब्द मोठ्या अक्षरांत, तीनदा: संप! पत्रक काढणाऱ्या कम्युनिस्ट पक्षावर बंदी आहे. ते खिशात सापडलं तर तुमची धडगत नाही.

पण तुम्हाला पत्रकाची गरजच नाही. परवा रविवारी तुम्ही वाटरलोप्लाइनच्या बाजारात होतात. जर्मन पोलिसांनी ज्यू वस्तीला वेढा घातला, तरुण पोरं दिसतील तिथून खेचली आणि योनास दानिएल मेयर चौकात हात पुढे करायला लावून उकिडवी बसवली. शनिवार-रविवार मिळून चारशेहून अधिक. त्या गर्दीत तुमच्यासारखे कितीतरी बिगरज्यू होते. घरी गेल्यावर त्यांना जेवण गेलं नसणार.

काल संध्याकाळी नोर्डरमार्क्टच्या चौकात उघड्यावर सभा झाली. बोलावणारे रस्त्यांची कामं करणारा विलेम क्रान आणि सफाई कामगार पीट नाक. दोघेही पालिकेचेच, तुमच्याच पायरीवरचे.

घरी बायको आहे, पोरं आहेत. संपाला बंदी आहे. कुणी तुमचा दंड धरत नाही, कुणी ओरडत नाही. सगळे फक्त बघताहेत, पहिली ट्राम बाहेर काढतो कोण. तुम्ही काढत नाही.

आणि मग जे घडतं त्यासाठी कुणाला निरोप पाठवावा लागत नाही. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर आहे, रेडिओ जर्मनांच्या हातात आहे. पण ट्राम आली नाही, ही बातमी प्रत्येक थांब्यावर आपोआप पोचते. ज्या थोड्या ट्राम निघाल्या, त्या लोक वाटेत अडवतात. एय नावाच्या पाण्यापलीकडच्या जहाजबांधणी कारखान्यांतले कामगार अवजारं खाली ठेवून फेरीबोटींनी शहरात उतरतात. कार्यालयं, दुकानं ओस पडतात. अनोळखी माणसं एकमेकांशी बोलू लागतात. गेल्या नऊ महिन्यांत या रस्त्यांवर एवढा मोकळा आवाज ऐकू आला नव्हता. जर्मनांनाही हे अनपेक्षित असतं. संप झानडाम, हार्लेम, हिल्फरसम, उट्रेख्टपर्यंत पसरतो.

दुसऱ्या दिवशी गोळ्या सुटतात. नऊ माणसं मरतात, कित्येक जखमी होतात. २७ तारखेला तुम्ही पुन्हा कामावर हजर होता.

आम्स्टरडॅमला दीड कोटी गिल्डरचा दंड बसतो. पकडलेल्या त्या पोरांपैकी एकालाही संप सोडवू शकत नाही. त्यांना बुखेनवाल्ड आणि माउटहाउझेनच्या छळछावण्यांत नेतात आणि जवळजवळ सगळी तिथेच संपतात. तरीही मी या दोन दिवसांना पराभव म्हणणार नाही. ज्यू शेजाऱ्यांसाठी बिगरज्यू कामगारांनी शहरच्या शहर उघडपणे बंद पाडलं, असं जर्मनव्याप्त युरोपात दुसरीकडे क्वचितच घडलं. ज्यांनी ते बंद पाडलं त्यांच्याकडे बंदूक नव्हती, पद नव्हतं. न केलेलं काम, एवढंच त्यांच्या हाती होतं.

१३ मार्चला तीन संपकऱ्यांना गोळ्या घातल्या जातात. त्याच दिवशी, त्याच ठिकाणी दुसऱ्या एका प्रतिकारगटातले पंधरा जणही मारले जातात. विलेम क्रान पुढे पकडला जातो आणि १९४२ मध्ये त्यालाही गोळ्या घातल्या जातात.