फोटोखाली नाव कुणाचं?

पेपरातला फोटो आपण बघतो आणि पान उलटतो. तो कुणी काढला, कुठं उभं राहून काढला, हे काही आपण विचारत नाही. आज आम्ही बातमीच्या फोटोचा थोडा इतिहास सांगणार आहोत. चाकण, पिंपरी-चिंचवड आणि मावळ या आपल्या पट्ट्याशी त्याचं जवळचं नातं आहे.

सुरुवात एका मराठी माणसापासून करू. नारायण विनायक विरकर हे मुंबईचे छायाचित्रकार. १३ एप्रिल १९१९ ला अमृतसरच्या जालियनवाला बागेत जनरल डायरनं नि:शस्त्र लोकांवर गोळ्या झाडायला लावल्या. शेकडो जीव गेले. पंजाबात लष्करी कायदा लागला, बातम्या दाबल्या गेल्या. विरकरांनी नंतर तिथं जाऊन बागेच्या भिंतींचे फोटो काढले. गोळ्यांच्या खुणांभोवती पांढऱ्या रेघा ओढलेल्या आणि शेजारी माणसं उभी. माणूस शेजारी असला की गोळी किती उंचीवर लागली, छातीशी की डोक्याशी, हे न सांगता कळतं. घटना घडून गेलेली होती, पण भिंत साक्ष द्यायला उभी होती. ती साक्ष विरकरांनी सांभाळून ठेवली.

आता एका बाईची गोष्ट. होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ मध्ये नवसारीचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात. कॅमेरा त्या माणेकशा यांच्याकडून शिकल्या आणि पुढं त्यांच्याशीच लग्न झालं. सुरुवातीला होमाईंनी काढलेले फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या नावानं. बाई बातमीचे फोटो काढते, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. १९४२ मध्ये त्या दिल्लीला गेल्या. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन, सायकलवर हिंडत त्यांनी कामं केली. १९४७ चा स्वातंत्र्याचा सोहळा त्यांनी टिपला, गांधीजींची अंत्ययात्राही टिपली. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून देश त्यांना ओळखतो. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, तेव्हा त्या ९७ वर्षांच्या होत्या. राबली बाई आणि नाव दुसऱ्याचं, हे आपल्याला नवीन नाही. सातबारा उघडून बघा.

आता आपल्या भागाकडं येऊ. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९६२ मध्ये एमआयडीसी आली. पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डीच्या शेतांवर शेड उभ्या राहिल्या आणि पुढं तीच वाट चाकणला आली. या काळातले फोटो आठवा. फीत कापणारे हात, गळ्यातले हार, चकचकीत यंत्र. असे फोटो खोटे नसतात. पण फोटो कुठं उभं राहून काढला, यावर त्यात काय दिसणार ते ठरतं. व्यासपीठासमोर उभ्या राहिलेल्या कॅमेऱ्याला मागचं शेत दिसत नाही. तिथं भुईमूग उपटणारी, कांदा भरणारी बाई तर नाहीच नाही.

कॅमेरा दुसऱ्या बाजूनं उभा राहिला की काय होतं, ते मावळानं पाहिलं आहे. पवना धरणाचं पाणी नदीतून येतं आणि रावेतला उचलून पिंपरी-चिंचवडला पुरवतात. ते बंद जलवाहिनीतून नेण्याचं ठरलं. नदी आटली तर आमच्या मोटारींनी काय उपसायचं, असा शेतकऱ्यांचा प्रश्न होता. ९ ऑगस्ट २०११ ला, क्रांतिदिनी, बऊरजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग त्यांनी अडवला. दगडफेक झाली, पोलीस जखमी झाले, आणि गोळीबारात तिघांचा जीव गेला. त्यात एक बाई होती. स्वसंरक्षणासाठी गोळ्या झाडल्या, असं पोलिसांकडून सांगितलं गेलं. पण तिथं कॅमेरे होते. पळणाऱ्या लोकांच्या दिशेनं रोखलेल्या बंदुका आणि उभ्या गाड्यांच्या काचा फोडणारे पोलीस, हे घरोघरी टीव्हीवर दिसलं. विधिमंडळात गदारोळ झाला, चौकशी बसली, जलवाहिनीचं काम वर्षानुवर्षं थांबलं. चित्र नसतं, तर एकाच बाजूचं म्हणणं कागदावर राहिलं असतं. गेलेली माणसं मात्र कुठल्याच चित्रानं परत येत नाहीत, हेही खरं.

आज फोन आपल्याही हातात आहे. पीक नुकसानीचा पंचनामा असो, ओढ्यात सोडलेलं कारखान्याचं पाणी असो की अर्धवट टाकलेला रस्ता असो, फोटो काढताना वृत्तछायाचित्रकारांची शिस्त पाळू या. आधी लांबून एक फोटो, म्हणजे जागा ओळखू येईल. मग जवळून एक. शेजारी माणूस किंवा हातभर काठी ठेवा, म्हणजे माप कळेल. विरकरांच्या भिंतीची आठवण ठेवा. वहीत तारीख, वेळ, ठिकाण, कोण दिसतंय आणि फोटो काढणारीचं नाव लिहा. मूळ फोटो फोनमधून पुसू नका. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला की त्याची बारकाई कमी होते, म्हणून डॉक्युमेंट करून पाठवा. रंग उजळवू नका, काही कापू नका. आणि ज्या बाईवर अत्याचार झालाय तिचा किंवा लहान लेकराचा चेहरा कधीही पुढं पाठवू नका. साक्ष देताना कुणाची अब्रू जाता कामा नये.

एक काम या आठवड्यातच करा. घरातल्या पेटीतले जुने फोटो काढा. कंपनीत गेलेलं शेत, बुजलेली विहीर, जत्रेतली माणसं, काय असेल ते. सासूबाईंना, आजेसासूबाईंना शेजारी बसवा आणि कोण कुठलं ते विचारा. फोटोच्या मागं मऊ पेन्सिलीनं, न दाबता, नावं लिहा. बायकांची नावं आधी लिहा. ‘अमक्याची आई’ असं नको, तिचं स्वतःचं नाव लिहा. पुढच्या बैठकीला ते फोटो घेऊन या, सगळ्या मिळून बघू.